पिंपळवाडीच्या वहीतली कोल्हीण

"देवू, पिंपळवाडीची वही काढ," नरहर गुरुजींनी खालून हाक मारली, आणि माडीवर देवव्रताच्या हातातला चहाचा कप होता तिथेच थांबला.

पंचगंगा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत गुरुजींचं घर होतं, आणि घरात एकशे बारा वह्या होत्या. लाल खारव्यात बांधलेल्या, हातभर लांब, प्रत्येक गावाची वेगळी. महाराष्ट्रातून यजमान आला की त्याने फक्त गाव आणि आडनाव सांगायचं. मग गुरुजी वही उघडत आणि त्याच्या घरातून काशीला कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, हे वाचून दाखवत. ते झालं की यजमान स्वतःच्या हाताने पुढची नोंद करी. सात पिढ्या हे असंच चाललं होतं, आणि गुरुजींच्या तोंडून चुकीचं नाव गेल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. घाटावरचे बाकीचे पुरोहितसुद्धा हे मान्य करत, आणि ते सहसा काहीच मान्य करत नसत.

देवव्रत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वय एकोणतीस, इंटर कॉलेजात संस्कृत शिकवायचा. दर रविवारी दुपारी माडीवर त्याचे दोन मित्र जमत, रेल्वेतला यज्ञेश आणि बँकेतली अवनी, आणि तिघं मिळून एक खेळ खेळत. वीस बाजूंचे फासे, कागद, पेन्सिल, आणि प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं. गोष्ट देवव्रत सांगे. पात्रांनी काय केलं ते खेळाडू सांगत. जमलं की फसलं ते फासे सांगत. कोणाचं पात्र कुठल्या कुळातलं यावर त्याला काय येतं आणि काय येत नाही ते ठरे.

घोळ त्या कुळांपासूनच सुरू झाला. खेळाचं मूळ पुस्तक परदेशी. त्यात आधी नुसते बुटके आणि लांब कानांचे लोक होते. मग पुस्तक काढणाऱ्यांनी आशियातल्या पुराणांवरून नवी कुळं काढली, तर त्यात यक्षाला शिंगं आणि नागाला बेडकासारखे डोळे. देवव्रताचं डोकं फिरलं. ज्याच्या घरात सात पिढ्या लोकांची कुळं लिहिण्यात गेल्या, त्याने हे खपवून घ्यायचं म्हणजे काय? त्याने ठरवलं, नाग, यक्ष, वानर, गंधर्व, सगळ्यांची कुळं आपण नीट लिहू. अवनीला मात्र यातलं काहीच नको होतं. तिला जपानी कथांमधली नऊ शेपट्यांची कोल्हीण व्हायचं होतं. मग तीही आली.

कुळ लिहायचं तर ते वहीतच लिहिलेलं शोभतं, असं त्याला वाटलं. साध्या कागदावर त्याने दोनदा लिहून पाहिलं, मजा येईना. तेव्हा त्याने घरातली एक वही वर नेली. गाव असं निवडलं की जिथलं नव्वद वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. शेवटच्या नोंदीनंतरच्या पाच कोऱ्या पानांवर त्याने बोरूने, शाईत, घराण्याच्या वळणदार अक्षरात पाच कुळं उतरवली, आणि कोल्हिणीचं चित्र अवनीने काढलं. गाव होतं पिंपळवाडी.

दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण वहीतलं पान फाडणं या घरात कुणी मनातसुद्धा आणलं नसतं. पुढेमागे काहीतरी करू म्हणत त्याने चार महिने घालवले.

"देवू, सापडली का?"

"शोधतोय, अण्णा. जरा वाळवी लागल्यासारखी वाटतेय. यजमानांना उद्या बोलावू या का?"

"वाळवी? एकशे बारा वह्यांत तिला पिंपळवाडीचीच आवडली का? आण खाली. लोक साताऱ्याकडून आलेत."

खाली चटईवर सुमंतराव नलावडे बसले होते. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले, भारदस्त मिशांचे, आणि हातात टोपी धरून अगदी अवघडलेले. शेजारी त्यांची मुलगी रुची, पुण्याला नोकरी करणारी. देवव्रत वही घेऊन उतरला तेव्हा सुमंतराव बोलत होते.

"गुरुजी, आमच्या वडलांचं नाव म्हाईत, आजोबांचं म्हाईत. पणजोबांचं कुणाला म्हाईतच न्हाई. घरातले कागद पुरात गेले. दरवर्षी श्राद्धाला आमच्या गावचे गुरुजी पणजोबाला 'अमुक' म्हणत्यात. तीस वर्सं झाली, मी 'अमुक'ला पिंड देतोय. एकदा तरी नावानं हाक मारावी म्हटलं, म्हणून आलो."

"काळजी करू नका," गुरुजी म्हणाले. "वहीत असेल तर नाव मिळालंच म्हणून समजा. मग लगेच घाटावर उतरू, तर्पण करून टाकू."

देवव्रताने वही अशी धरली होती की शेवटची पानं त्याच्या मुठीत राहावीत. पण नंदाताई, त्याची आई, स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी त्याच्या हातातली वही काढून घेतली, उलटसुलट पाहून सरळ केली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. गुरुजींनी बोट ओलं केलं. कोरी पानं चाचपली, जिथे शाईने कागद खरखरीत झाला होता तिथे थांबले, आणि वही उघडली. वरच्या पानावर नागकुळ होतं. खालच्या पानावर कोल्हीण, नऊ शेपट्यांसकट, ऐटीत बसली होती.

देवव्रताने डोळे मिटले. आता अण्णा विचारणार, हे काय आहे. आता यजमान उठून जाणार. उद्या अख्ख्या घाटावर बोभाटा होणार.

"पिंपळवाडीचे नलावडे," गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "शके अठराशे त्रेपन्न. हणमंतराव बिन रखमाजी, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले. सोबत चुलत बंधू. पाच दिवस राहिले."

देवव्रताने डोळे उघडले. अण्णांचं बोट नागकुळाच्या ओळींवरून सावकाश सरकत होतं. ते बोट 'विषबाधा होत नाही' या शब्दांवर असताना अण्णा 'मातोश्रींच्या अस्थी' म्हणाले होते.

"रखमाजी," सुमंतराव पुटपुटले. "म्हंजे आमचा पणजा रखमाजी."

"आणि ही तुमच्या आजोबांची स्वहस्ताक्षराची निशाणी," असं म्हणून गुरुजींनी खालच्या पानावर, कोल्हिणीच्या बरोबर पोटावर, बोट टेकवलं.

सुमंतरावांनी टोपी बाजूला ठेवली. वाकले, आणि कोल्हिणीवर कपाळ टेकवून रडायला लागले. चांगले हुंदके देऊन रडले. नंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला. देवव्रत भिंतीला टेकून उभा होता, आणि आत्ताच्या आत्ता ती भिंत आपल्याला आत घेईल तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आधी त्याला वाटलं, अण्णांनी आपल्याला वाचवलं. पान पाहिलं, सगळं ओळखलं आणि यजमानासमोर शोभा नको म्हणून पाठ असलेलं म्हणून दाखवलं. पण तसं असतं तर त्यांनी एकदा तरी त्याच्याकडे जळजळीत पाहिलं असतं. अण्णा तर अगदी समाधानाने, समोरच्या भिंतीच्या थोडं डावीकडे, कुठेही न पाहता बसले होते. मग त्याला एकेक आठवायला लागलं. सकाळचा पेपर आई मोठ्याने वाचते. जिने उतरताना अण्णा हल्ली भिंतीला हात लावून उतरतात. वही आईच सरळ करून देते. अण्णांना दिसत नव्हतं. आणि एका घरात राहून, रोज एका पंगतीला जेवून, पोटच्या मुलाला ते कळलं नव्हतं. कोल्हिणीपेक्षा याची लाज जास्त होती.

तोवर सुमंतरावांनी पानाचा फोटो काढून 'नलावडे परिवार' या ग्रुपवर पाठवला होता. ग्रुपात त्रेसष्ट माणसं. पाठोपाठ कराडहून त्यांच्या चुलतभावाचा, दिनानाथरावांचा फोन आला. सुमंतरावांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"सुमंता, लई मोठं काम केलंस. आपलं मंगल कार्यालय तयार हाय, नुसतं नावासाठी अडलं हुतं. पणजोबाचंच नाव द्यायचं. पेंटरला आत्ताच शिडीवर चढवलाय."

"चढवलाय म्हंजे?"

"'र' काढून झाला."

रुची इतका वेळ आपल्या मोबाइलमधला फोटो बोटांनी मोठा करून पाहत होती. ती उठून देवव्रताजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू? 'विषबाधा होत नाही. अंधारात साठ हात दिसते. पाण्याखाली एक घटका राहता येते.' हे कुणाबद्दल आहे?"

"ते... मतलब... यज्ञेशबद्दल आहे."

"यज्ञेश कोण?"

"रेल्वेत आहे."

रुचीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि ही शेपट्यांवाली?"

"अवनी. बँकेत आहे."

तिने आणखी काही विचारायच्या आत फोनमधून पुन्हा दिनानाथरावांचा आवाज आला. "सुमंता, 'ख' झाला. पर एक सांग, फोटोत मला कोल्हं दिसतंय ते कशाचं?"

"निशाणी हाय आजोबांची."

"आजोबा तालमीत जायचे, चित्रं कवा काढली त्यांनी?"

गुरुजींचं फोनकडे लक्ष नव्हतं; ते घाटावर जायला उठत होते. "चला, ऊन चढायच्या आत तर्पण करून घेऊ. रखमाजींच्या नावाने पहिली ओंजळ."

आता गप्प बसायचं असेल तर कायमचं, हे देवव्रताला कळलं. अण्णांना ही नोंद बरोबर आठवली असेलही. पण नसेल तर हा माणूस इतक्या लांबून येऊन, 'अमुक'च्या जागी भलत्याच कुणालातरी ओंजळ देऊन परत जाणार, आणि मरेपर्यंत देत राहणार. आणि खरं सांगायचं, तर अण्णांना दिसत नाही हे चारचौघांत सांगायचं. त्याने दोन्हीच्या मधला रस्ता काढला.

"अण्णा, थांबा. चूक माझी आहे." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "ही पानं खरी नाहीत. मी लिहिलीत. आम्ही एक खेळ खेळतो, त्यासाठी. अण्णांनी ती पाहिली आणि माझी अब्रू जाऊ नये म्हणून पाठ होतं ते सांगितलं. खरी नोंद पाच पानं मागे आहे."

सुमंतरावांनी कपाळ पुसलं, ज्यावर कोल्हिणीची थोडी शाई उतरली होती.

"म्हंजे मी मघाशी पाया कुणाच्या पडलो?"

"बाबा, नंतर सांगते," रुची म्हणाली.

देवव्रताने पाच पानं मागे उलटली. तिथे मोडी लिपीतली फिकट नोंद होती. मोडी त्याला लहानपणी अण्णांनीच शिकवली होती, आणि तो तेव्हापासून ती विसरत आला होता. अक्षर अक्षर लावत तो वाचू लागला. "शके अठराशे त्रेपन्न... हणमंतराव बिन... तु... तुळाजी. मातोश्री रखमाबाई यांच्या अस्थी..."

तो थांबला. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला होता. आईचं नाव बापाला लागलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून चुकीचं नाव गेलं होतं.

"तुळाजी," सुमंतराव म्हणाले. "तुळाजी नलावडे. ह्यो आमचा अमुक." त्यांनी खाली आजोबांच्या वेड्यावाकड्या सहीवर हात ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग ओशाळून मुलीला म्हणाले, "आता रडू यायला पाहिजे. येत न्हाई. मघाशीच सगळं संपलं."

रुची फोनवर होती. "दिनानाथकाका, पेंटरला थांबवा. नाव चुकलंय."

"'रखमा' झालं की गं. 'जी'ला हात घालतोय."

"'जी' नको. रखमा पणजी होती. तेवढंच राहू दे."

पलीकडे थोडा विचार झाला. "पेंटर पैसे अख्ख्या नावाचं घेनार," दिनानाथराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

हे निस्तरलं असं वाटून देवव्रताने श्वास सोडला. गुरुजी पुन्हा खाली बसले होते. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, पण आवाजात मघाचा खणखणीतपणा नव्हता. "यजमान, आता तुमची नोंद करा. नाव, वडिलांचं नाव, मुलं किती?"

"एकच. मुलगी. ही काय, रुची."

गुरुजी घुटमळले. "मुलींची नोंद करायची पद्धत नाही हो. सुना लिहितो. मुलगी तिच्या सासरच्या गावच्या वहीत जाते."

"गुरुजी," रुची शांतपणे म्हणाली, "कोल्हीण चालते का?"

"कोणती कोल्हीण?"

देवव्रताचा तो मधला रस्ता तिथे संपला. पान पाहून ज्याने त्याची अब्रू राखली, त्या माणसाला पानावर कोल्हीण आहे हे माहीत नव्हतं. रुचीने गुरुजींकडे पाहिलं, मग देवव्रताकडे. तिला कळलं होतं. विचारल्याचं तिला वाईटही वाटलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

"देवू, वाच," गुरुजी म्हणाले. "पानावर काय आहे ते वाच मला."

"अण्णा, राहू द्या ना. नंतर..."

"आत्ता."

आणि मग नरहर गुरुजींच्या सुपुत्राने, यजमान, आई आणि सात पिढ्यांच्या वह्यांसमोर उभं राहून, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या अवस्थेत, मोठ्याने वाचलं: "कोल्हीणकुळ. मूळ गाव जपान. दर शंभर वर्षांनी एक शेपटी वाढते. मनात येईल त्याचं रूप घेता येतं, मात्र शेपटी लपत नाही. खोटं बोलताना फाशावर दोन जास्त. कुत्र्यांना घाबरते."

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नंदाताई हसू दाबायला स्वयंपाकघरात निघून गेल्या.

गुरुजी म्हणाले, "जी कधी जन्मली नाही, तिची शेपट्यांसकट नोंद आहे माझ्या वहीत. आणि ही पोर समोर बसलीये, तिला मी पद्धत सांगतोय." त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. "सुमंतराव, माझा मुलगा मघाशी खोटं बोलला. मी पान पाहिलं नव्हतं. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. वह्या पाठ आहेत, भागतंय, असं वाटत होतं. आज तुमच्या पणजोबांना मी त्यांच्या बायकोचं नाव दिलं."

"गुरुजी, ऱ्हाऊ द्या," सुमंतराव म्हणाले. "आम्ही तीस वर्सं अमुक म्हणत हुतो."

"राहू कसं देऊ? मुली, तू लिही. तुझ्या हाताने लिही."

रुचीने बोरू घेतला. तिला तो धरता येत नव्हता. पहिल्या अक्षरावर शाईचा थेंब पडला. तिने लिहिलं, रुची सुमंत नलावडे, आणि खाली वडिलांनी सही केली. गुरुजींनी ओली शाई वाळेस्तोवर वाट पाहिली.

"देवू, ती तुझी पानं वहीतून काढायची नाहीत. पण कुणी लिहिली आणि का, हे खाली लिही. शंभर वर्षांनी यांच्या घरचं कुणी आलं, तर त्याला कळलं पाहिजे की त्याचा वंश नाग नव्हता."

देवव्रताने कोल्हिणीच्या पानाखाली लिहिलं: ही पाच पाने देवव्रत नरहर याने लिहिली. कारणापाशी तो अडला. आपली लाज शंभर वर्षं शाईत राहणार, आणि अनोळखी लोक ती तर्पणाच्या आधी वाचणार, हे त्याला आत्ता दिसत होतं. शेवटी त्याने लिहिलं: खेळापायी.

"लिहिलंस? आता त्याखाली माझं लिही. नरहर याने न पाहता वाचले."

"कारण काय लिहू, अण्णा?"

"लाजेपायी," गुरुजी म्हणाले. "आण, सही मी करतो."

देवव्रताने त्यांच्या हातात बोरू दिला आणि हात पानावर टेकवून दिला. पण गुरुजींनी त्याचा हात बाजूला केला, कारण सही ही ज्याची त्याने करायची असते. ती त्यांनी एका दमात केली, जुन्या झोकात. ती ओळ सोडून वर चढली, कोल्हिणीच्या चौथ्या शेपटीवरून गेली आणि तिच्या कानापाशी संपली.

"आली ना ओळीत?" गुरुजींनी विचारलं.

देवव्रताने पानाकडे पाहिलं. सुमंतरावांनी पाहिलं. रुचीने फोटो काढायला मोबाइल वर केला होता, तो तिने खाली घेतला.

"अगदी ओळीत आहे, अण्णा," देवव्रत म्हणाला.